कॅम्पर व्हॅनच्या छतावरचा पंखा बंद पडला? मोटर बदलण्याआधी या गोष्टी तपासा

दिवसभर गाडी चालवून मुक्कामाला पोहोचलात. चहा ठेवला, छतावरच्या पंख्याचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा फिरत नाही, आवाज नाही, दिवाही लागत नाही.

अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो, 'मोटर गेली.' मग नवा पंखा मागवला जातो, छतावर चढून जुना काढला जातो, नवा बसवला जातो आणि अनेकदा तोही फिरत नाही. कारण दोष मुळात पंख्यात नसतो. तो फ्यूजमध्ये, एखाद्या सैल जोडात किंवा बॅटरीत असतो.

कॅम्पर, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. तिच्या छतावरचा पंखा दुरुस्त करताना कोणती गोष्ट आधी तपासायची, कोणती नंतर आणि कुठे थांबायचं, हे समजून घेऊया.

हा पंखा नेमका करतो काय?

घरातला पंखा आतलीच हवा फिरवतो. कॅम्परच्या छतावरचा पंखा आतली गरम, दमट हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी खिडकीतून ताजी हवा आत येते. काही पंखे उलटेही फिरतात आणि बाहेरची हवा आत ओढतात.

अमेरिकेत अशा पंख्यासाठी छताला १४ बाय १४ इंचांचं चौकोनी भोक ठेवण्याची पद्धत रूढ आहे. मॅक्सएअर आणि फॅन-टास्टिक व्हेंट ही तिथली परिचित नावं. पूर्ण वेगात असा चांगला पंखा मिनिटाला सुमारे ९०० घनफूट हवा हलवतो, असं कंपन्या सांगतात. उंच छताच्या व्हॅनच्या आतली जागा साधारण ४०० ते ४५० घनफूट असते. म्हणजे कागदावर तरी अर्ध्या मिनिटात आतली सगळी हवा बदलायला हवी. प्रत्यक्षात जाळी, अर्धवट उघडलेलं झाकण आणि बंद खिडक्या यामुळे हा आकडा बराच खाली येतो.

पंखा बंद पडल्याचा त्रास फक्त उकाड्यापुरता नसतो. दोन माणसं रात्रभर बंद गाडीत झोपली तर श्वास आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळतं. गॅसवर स्वयंपाक केला तर आणखी भर पडते, कारण एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. हे सगळं पाणी थंड पत्र्यावर आणि काचांवर जमतं. तिथून गादीला बुरशी, प्लायवुड फुगणं आणि पत्र्याला आतून गंज हे ओघाने येतंच.

सुरुवात करण्याआधी

हे पंखे बहुधा १२ व्होल्ट डीसीवर चालतात. त्यामुळे घरातल्या २३० व्होल्टसारखा शॉक लागण्याची भीती नसते. पण चुकून शॉर्ट झालं तर बॅटरी क्षणात वायर लालबुंद करू शकते. म्हणून तीन गोष्टी पाळा.

* गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली असेल तर ती केबल काढून ठेवा.
* वायरला हात लावण्याआधी पंख्याचा फ्यूज काढा. छतावर सोलर पॅनल असेल तर फक्त मुख्य स्विच बंद करून वीज थांबेलच असं नाही.
* पात्यांजवळ बोट नेण्याआधीही फ्यूज काढा. थर्मोस्टॅट असलेला पंखा तापमान वाढलं की कोणी बटण न दाबता सुरू होतो.

साधनं फारशी लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, दोन-तीन राखीव फ्यूज आणि दोन मीटर वायर पुरते.

पायरी १ : पंखा बिघडलाय की फक्त थांबलाय?

बरेच पंखे स्वतःहून थांबतात आणि मालकाला वाटतं बिघडले.

झाकण : अनेक मॉडेलमध्ये झाकण काही इंच उघडल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. त्यासाठी आत एक छोटा स्विच असतो. झाकण अर्धवट उघडलं असेल किंवा तो स्विच धुळीने अडकला असेल तर पंखा गप्प राहतो.

थर्मोस्टॅट : पंखा 'ऑटो'वर असेल आणि आतलं तापमान ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर तो सुरू होणार नाही. तापमानाचा आकडा अगदी खाली आणून पाहा किंवा पंखा 'मॅन्युअल'वर घ्या.

पावसाचा सेन्सर : यावर पाण्याचे थेंब पडले की झाकण आपोआप बंद होतं. पण दव, पक्ष्याची विष्ठा किंवा चिकट धूळ बसली तरी सेन्सरला पाऊसच वाटतो. ओल्या मऊ कापडाने पुसा, कोरडं करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

रिमोट : रिमोटने चालत नसेल तर आधी पंख्यावरच्या बटणाने चालतो का ते पाहा. चालला तर फक्त सेल बदलायचे आहेत.

पायरी २ : बाकीचं काय चालतंय?

आता आतला दिवा लावा. पाण्याचा पंप सुरू करा. तेही चालत नसतील तर दोष पंख्याचा नाही, सगळ्या १२ व्होल्ट यंत्रणेचा आहे.

कॅम्परमध्ये सहसा दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी राहण्याच्या भागासाठी. इंजिन झटक्यात सुरू होतंय म्हणजे बॅटरी ठीक आहे, हा अंदाज इथे चुकतो. पंखा दुसऱ्या बॅटरीवर चालतो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ती बॅटरी मोजा. चार्जिंग आणि सगळी उपकरणं बंद करून थोडा वेळ गेल्यावर लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास म्हणजे ती निम्मी रिकामी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपलेली. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हे गणित चालत नाही. ती बराच वेळ १३ व्होल्टच्या वर राहते आणि संपत आली की तिच्यातलं सुरक्षा सर्किट वीज एकदम तोडतं.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. बाहेरची वीज जोडली की पंखा चालतो आणि केबल काढली की थांबतो, असं होत असेल तर पंखा निर्दोष आहे. बॅटरी, तिचा मुख्य फ्यूज किंवा तिच्या टोकांवरचा गंज तपासा.

पायरी ३ : फ्यूज, पण दोन ठिकाणी

दिवे आणि पंप चालतायत, फक्त पंखा बंद आहे. अशा वेळी फ्यूज पाहा. गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये पंख्याचा फ्यूज असतोच, पण अनेक पंख्यांच्या स्वतःच्या चौकटीतही एक छोटा फ्यूज असतो. जाळी काढल्यावर किंवा बटणांच्या पट्टीजवळ तो सापडतो. बहुतेक लोक पहिला तपासतात आणि दुसरा विसरतात.

नुसत्या डोळ्यांनी फ्यूज पाहू नका. आतली तार कधी कधी कडेला इतकी बारीक तुटलेली असते की दिसत नाही. फ्यूज काढून मल्टिमीटरच्या 'बीप' सेटिंगवर तपासा. आवाज आला तर फ्यूज चांगला.

गेलेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा बसवा. पात्यासारख्या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात. ५ अँपिअरचा बदामी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. 'हा सारखा उडतोय, जरा मोठा टाकूया' हा विचार सगळ्यात धोकादायक आहे. फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो. मोठा फ्यूज टाकला की शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते. ती वायर छताच्या पत्र्यात आणि प्लायवुडमध्ये, फोमला चिकटून गेलेली असते. तिथे लागलेली ठिणगी झोपलेल्या माणसाला दिसत नाही.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर आणखी फ्यूज वाया घालवू नका. पंख्याच्या वायर सोडवा आणि पुन्हा फ्यूज लावा. आता टिकला तर दोष पंख्यात आहे, बहुधा मोटर किंवा पाती अडकली आहेत. तरीही उडाला तर दोष वायरमध्ये आहे. कुठेतरी स्क्रू वायरमध्ये घुसलाय किंवा पत्र्याच्या धारेवर तिचं आवरण कापलं गेलंय.

पायरी ४ : वीज पंख्यापर्यंत पोहोचते का?

दोष शोधण्याची खरी जागा हीच. गाडी खड्ड्यांतून आणि घाटांतून हादरत असते, त्यामुळे वायरचे जोड हळूहळू सैल होतात. छतातल्या ओलाव्याने त्यांना गंज चढतो.

फ्यूज परत लावा, जाळी काढा आणि पंख्याला येणाऱ्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. इथे रंगांवर विश्वास ठेवू नका. गाड्यांच्या वायरिंगमध्ये काळी वायर निगेटिव्ह मानली जाते, पण अमेरिकेत बनलेल्या अनेक ट्रेलरमध्ये काळी वायर पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. साध्या पंख्याला उलटी वायर जोडली तर तो फक्त उलटा फिरतो. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या पंख्याचा बोर्ड जळू शकतो.

मोजमाप दोनदा करा. आधी पंखा बंद असताना, मग सुरू करण्याचं बटण दाबून. दुसरा आकडा महत्त्वाचा.

समजा बॅटरीवर १२.६ व्होल्ट आहेत. पंखा बंद असताना त्याच्या वायरींवरही १२.६ दिसतात. बटण दाबताच आकडा ११.१ वर घसरतो. म्हणजे वाटेत दीड व्होल्ट हरवला. पंखा ३ अँपिअर घेत असेल तर वाटेत कुठेतरी अर्ध्या ओहमचा अडथळा आहे. चांगल्या जोडात इतका अडथळा नसतो. गंजलेला किंवा नीट न दाबलेला जोड असा वागतो. पंखा मंद फिरतो, कधी चालतो, कधी नाही आणि तो जोड हाताला गरम लागतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर जोड शोधायला लागा.

व्होल्टेज अजिबात दिसत नसेल तर निगेटिव्ह बाजू तपासा. दोन मीटरची ती वायर इथे कामाला येते. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा चालू असलेल्या एखाद्या दिव्याच्या निगेटिव्हला जोडा. मल्टिमीटरची काळी पिन दुसऱ्या टोकाला आणि लाल पिन पंख्याच्या पॉझिटिव्ह वायरला लावा. आता १२ व्होल्ट दिसले तर पॉझिटिव्ह ठीक आहे आणि निगेटिव्ह तुटली आहे. अनेकदा ती गाडीच्या पत्र्याला एका स्क्रूने जोडलेली असते. तो स्क्रू काढा, पत्र्याचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा आणि स्क्रू घट्ट बसवा.

पायरी ५ : स्विच, बोर्ड की मोटर?

पंख्याजवळ व्होल्टेज नीट येतंय, तरी तो फिरत नाही. आता कुठे संशय पंख्यावर घ्यायचा.

फ्यूज काढून पाती हाताने फिरवा. जड वाटतात? केस, दोरा, वाळलेली पानं, गांधीलमाशीचं घरटं, काहीही अडकलेलं असू शकतं. काढा आणि पुन्हा पाहा.

पाती मोकळी फिरतात, बटण दाबल्यावर पंखा चालत नाही, पण पाती काडीने हलकेच ढकलली की सुरू होतो? मोटरमधले कार्बन ब्रश झिजले आहेत. अशी मोटर फार दिवस टिकत नाही.

पंखा फक्त सर्वात जास्त वेगावर चालतो, कमी वेगावर नाही? तीन वेगांच्या साध्या पंख्यात कमी वेगासाठी रेझिस्टर वापरलेला असतो. तो जळला की असं होतं. स्विचही कारण असू शकतो. मोटर मात्र शाबूत असते.

मोटर थेट तपासायची असेल तर तिच्या दोन वायर बोर्डपासून सोडवा आणि फ्यूज लावलेल्या वायरीने तिला १२ व्होल्ट द्या. फिरली तर मोटर चांगली, दोष बोर्डचा किंवा स्विचचा. नाही फिरली तर मोटर गेली. ही चाचणी दोन वायरींच्या साध्या मोटरसाठीच आहे. मोटरला तीन किंवा जास्त वायर असतील तर थेट वीज देऊ नका.

लक्षणावरून पटकन अंदाज

* काहीच होत नाही, दिवाही नाही : फ्यूज, तुटलेली वायर, निगेटिव्ह जोड.
* मंद फिरतो किंवा मध्येच थांबतो : बॅटरी उतरलेली, गंजलेला जोड.
* फक्त जास्त वेगावर चालतो : रेझिस्टर किंवा स्विच.
* गुणगुणतो पण फिरत नाही : काहीतरी अडकलंय किंवा मोटर जाम.
* थरथरतो : पात्यांवर एका बाजूला धूळ किंवा पातं चिरलेलं.
* टकटक आवाज : दांड्यावर पाती धरणारा स्क्रू सैल.
* सतत किरकिर : बेअरिंग झिजलेलं.
* पंखा चालतो, झाकण उघडत नाही : झाकणाची छोटी मोटर किंवा तिचे प्लास्टिकचे दाते. बऱ्याच मॉडेलमध्ये झाकण हाताने उघडण्याची सोय असते. प्रवास सुरू करण्याआधी ते बंद करायला विसरू नका.

पंखा चालतोय, तरी उकडतंय?

सगळ्या खिडक्या बंद करून पंखा बाहेर फेकण्याच्या दिशेने लावला तर तो धडपडतो, आवाज वाढतो, हवा मात्र हलत नाही. जितकी हवा बाहेर जाणार तितकी कुठून तरी आत यायला हवी. पंख्यापासून सर्वात लांबची खिडकी थोडी उघडा. पलंगाजवळची उघडली तर ताजी हवा थेट झोपलेल्या माणसावरून जाते.

इथे एक गंभीर धोका आहे. खिडक्या बंद असताना पंखा आतला दाब कमी करतो आणि मिळेल त्या फटीतून हवा ओढतो. ती फट गॅसच्या हीटरचं किंवा गीझरचं धुराडं असू शकते. शेजारी जनरेटर किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन सुरू असेल तर त्याचा धूरही आत येऊ शकतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, चक्कर आणि मळमळ ही त्याची सुरुवातीची लक्षणं, आणि झोपेत ती कळत नाहीत. म्हणून पंखा सुरू असताना एक खिडकी उघडी हवीच. झोपण्याच्या भागात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा. पंखा दुरुस्त झाला म्हणून अलार्मची गरज संपत नाही.

दुसरी मर्यादाही ध्यानात घ्या. पंखा आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी वाढू शकतं. 'पंखा ऑटोवर आहे' म्हणून लहान मूल किंवा कुत्र्याला गाडीत ठेवून जाऊ नका. एक उडालेला फ्यूज पुरेसा असतो.

छतातून थेंब पडतायत?

पंख्याच्या चौकटीतून पाणी टपकलं की गळती असं समजून लोक वरून सिलिकॉन थापतात. आधी वेळ पाहा. पाऊस नसताना, थंड सकाळी थेंब पडत असतील तर ते आतल्या वाफेचं पाणी आहे. त्यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं.

पावसातच टपकत असेल तर चौकटीभोवतीचं सीलंट तपासा. भेगा, उचललेल्या कडा, स्क्रूंच्या डोक्यांभोवती फटी दिसतात का पाहा. योग्य पद्धतीत चौकटीखाली ब्यूटाइल टेप असते आणि वरून छताला चालणारं सीलंट लावतात. रबरी पडद्याच्या छतावर सिलिकॉन नीट चिकटत नाही. शिवाय त्याच्या थरावर पुढे दुसरं सीलंटही धरत नाही. ओल्या छतावर चढू नका आणि सगळी छतं माणसाचं वजन पेलतातच असं नाही.

महाराष्ट्रात याचा संबंध काय?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर घडवलेल्या कॅरॅव्हॅन भाड्यानेही मिळतात. अशा गाडीत वर सांगितलेल्या तपासणीत दोन गोष्टींची भर घाला.

पहिली, गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची? मोठ्या बस आणि ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. अशा बसची कॅरॅव्हॅन केली असेल तर १२ व्होल्टचा पंखा कन्व्हर्टरमधून चालतो, आणि पंखा बंद पडल्यावर तो कन्व्हर्टरही तपासावा लागतो. थेट २४ व्होल्ट मिळाले तर पंखा जळण्याची शक्यता मोठी.

दुसरी, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची खारी, दमट हवा. तिथे जोड आणि पत्र्यावरचे स्क्रू लवकर गंजतात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा जोड उघडून पाहणं, जाळी धुणं आणि सीलंटवर नजर टाकणं हे तासाभराचं काम आहे.

कुठे थांबायचं?

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय, वायरचं आवरण वितळलंय, जळका वास येतोय किंवा वायर छताच्या आत कुठे गेली ते कळत नाही, अशा वेळी फ्यूज काढून ठेवा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. पंखा वॉरंटीत असेल तर बोर्ड उघडण्याआधी अटी वाचा.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना चार आकडे लिहून न्या : बॅटरीवरचे व्होल्ट, पंखा बंद असताना त्याच्या वायरींवरचे व्होल्ट, बटण दाबल्यावरचे व्होल्ट आणि फ्यूजचे अँपिअर. एवढ्यावरून कुशल कारागिराला दोष कुठल्या टप्प्यावर आहे हे बहुतेक वेळा लगेच कळतं, आणि विनाकारण नवी मोटर तुमच्या माथी मारली जात नाही.